पोर्ट बसवता येतो, सांभाळायचा कोणी?

वर्ष-दीड वर्षाच्या बाळाला रक्ताचा कर्करोग निघाला किंवा मूत्रपिंडात गाठ सापडली, की पहिल्या काही आठवड्यांतच डॉक्टर घरच्यांसमोर एक निर्णय ठेवतात : पोर्ट बसवायचा का? छातीच्या कातडीखाली एक छोटी डबी, तिच्यातून निघालेली नळी हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत, आणि हे सगळे उपचार संपेपर्यंत, म्हणजे कधी दोन-अडीच वर्षे, शरीरातच राहणार. आईबापांचा प्रश्न साहजिक असतो : एवढ्याशा जिवाला हे झेपेल का?

गेल्या चार दशकांत जगभरच्या बालकर्करोग विभागांनी या प्रश्नाचे उत्तर बऱ्यापैकी शोधले आहे. सराव असलेल्या हातांनी केली तर शस्त्रक्रिया झेपते, अगदी तान्ह्यालाही. पोर्टचे बहुतेक धोके उद्भवतात ते नंतर. सुई टोचताना, नळी धुताना, ताप आल्यावर पहिल्या काही तासांत, आणि काम संपल्यावर पोर्ट वेळेत न काढल्याने. धाराशिवसारख्या जिल्ह्यातल्या मुलाचा पोर्ट बसतो मुंबईत, पुण्यात किंवा सोलापुरात. पण त्याचे बहुतेक दिवस जातात परंड्याच्या, लोहाऱ्याच्या किंवा कळंबच्या एखाद्या गावात. त्यामुळे पोर्ट किती सुरक्षित, हे जितके शस्त्रक्रियागृहात ठरते त्याहून जास्त घर आणि मोठे रुग्णालय यांच्यामधल्या टप्प्यावर ठरते. या लेखात पुराव्यांचा आढावा घेताना हे मधले अंतर सतत समोर ठेवले आहे.

डबी, पडदा आणि सुई

केमोथेरपीसाठी मोठ्या शिरेत कायमची नळी ठेवण्याची कल्पना आली ती पोषणाच्या गरजेतून. ज्यांना तोंडाने अन्न चालत नाही अशांना शिरेतून पोषण देण्यासाठी सिएटलच्या ब्रोव्हियाक यांनी १९७३ मध्ये कातडीखालून बोगदा काढून नेलेली सिलिकॉनची नळी वापरात आणली. तिथलेच बालमूत्रपिंडतज्ज्ञ हिकमन यांनी १९७९ मध्ये अस्थिमज्जा प्रत्यारोपणाच्या रुग्णांसाठी तिचा जाड अवतार केला. या दोन्ही नळ्यांचे टोक छातीवर बाहेर लोंबते. १९८२ मध्ये नीडरह्युबर आणि सहकाऱ्यांनी पूर्णपणे कातडीखाली राहणाऱ्या पोर्टचे अनुभव प्रसिद्ध केले आणि बाहेरचे टोक नाहीसे झाले.

पोर्टची रचना साधी आहे. टायटॅनियम किंवा कडक प्लास्टिकची डबी, तिच्या तोंडावर दाट सिलिकॉनचा पडदा, आणि सिलिकॉनची किंवा पॉलियुरेथेनची नळी. औषध द्यायचे तेव्हा कातडीतून या पडद्यात सुई टोचायची. ही सुई साधी चालत नाही. साध्या सुईचे टोक पडद्याचा बारीक तुकडा कापून काढते. मग तिथून औषध झिरपते आणि तुकडा नळीत अडकू शकतो. पोर्टसाठी ह्युबर सुई लागते. तिचे टोक वळवलेले असते, त्यामुळे पडदा कापला न जाता नुसता बाजूला सरतो आणि सुई काढली की मिटतो. योग्य सुई वापरली तर हा पडदा हजाराहून अधिक टोचण्या सोसतो. चुकीची सुई मात्र एकाच वेळी तो निकामी करू शकते. जिल्ह्याच्या दृष्टीने हा तपशील महत्त्वाचा आहे, कारण ह्युबर सुई तालुक्याच्या औषध दुकानात सहसा मिळत नाही.

शीर वाचवण्याचे कारण

हातापायाच्या शिरेतून केमो देता येत नाही असे नाही. आपल्याकडे अनेक मुलांचे सगळे उपचार तसेच होतात. पण लहान मुलांच्या कर्करोगांवरची कितीतरी औषधे शिरेबाहेर सांडली तर मांस जाळतात. व्हिन्क्रिस्टीन, डॉनोरुबिसिन, डॉक्सोरुबिसिन, डॅक्टिनोमायसिन ही त्यातली नेहमीची नावे. रक्ताच्या कर्करोगात पहिली तीन लागतात. मूत्रपिंडाच्या विल्म्स गाठीत व्हिन्क्रिस्टीन आणि डॅक्टिनोमायसिन. डोळ्याच्या रेटिनोब्लास्टोमातही व्हिन्क्रिस्टीन असते. बाळाच्या मनगटावरच्या बारीक शिरेतून ते थोडे जरी बाहेर गेले, तर आधी लाली, मग फोड, मग जखम असा क्रम सुरू होतो. क्वचित कातडी लावण्याची शस्त्रक्रिया करावी लागते आणि बोटांची हालचाल कायमची आखडते.

त्यात गुबगुबीत बाळाची शीर दिसत नाही आणि खंगलेल्या बाळाची टिकत नाही. तिसऱ्या-चौथ्या महिन्यापर्यंत 'शीर सापडत नाही' हे वाक्य वॉर्डात रोजचे होते. प्रत्येक रक्ततपासणीला चार-पाच टोचण्या झाल्या की पांढरा कोट दिसताच मूल आक्रोश करते, आणि उपचार अर्ध्यावर सोडण्याच्या कारणांत आईबापांना न बघवणारा हा छळही असतो. पोर्टने ही दोन्ही संकटे बऱ्याच अंशी टळतात. म्हणून त्याच्या धोक्यांची तुलना शून्य धोक्याशी करून चालत नाही. पोर्ट न बसवण्यालाही धोका आहे, आणि ताळेबंदात तोही मांडावा लागतो.

टेबलावरचा धोका

मुलांमध्ये पोर्ट संपूर्ण भूल देऊन बसवतात. मानेच्या उजव्या बाजूची आतली मोठी शीर ही पहिली पसंती, कारण तिथून हृदयापर्यंतचा रस्ता सरळ आहे. पूर्वी शरीरावरच्या खुणा पाहून अंदाजाने सुई घालत; त्यात फुफ्फुसाला छिद्र पडणे किंवा शेजारच्या धमनीत सुई जाणे घडे. ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने २००२ मध्ये अशा शिरांसाठी सोनोग्राफीची मदत घेण्याची शिफारस केली आणि नंतर ती रीत जगभर पसरली. शीर पडद्यावर दिसत असताना सुई घातली आणि नळीचे टोक एक्स-रेवर जागच्या जागी तपासले, तर फुफ्फुसाला इजा होण्याचे प्रमाण शंभरात एकाच्या आत राहते.

खरी जोखीम पुष्कळदा शस्त्रक्रियेत नसून तिच्या वेळेत असते. रक्ताच्या कर्करोगाच्या सुरुवातीला प्लेटलेट घसरलेल्या असतात, पांढऱ्या पेशी एक तर कामाच्या नसतात किंवा नसतातच. छातीत मोठी गाठ असेल तर भूलच धोक्याची ठरते. प्लेटलेट साधारण ५० हजारांच्या वर आणून शस्त्रक्रिया करणे ही रूढ पद्धत आहे. पांढऱ्या पेशींबाबत मतभेद आहेत. काही केंद्रे पहिल्याच आठवड्यात पोर्ट बसवतात. काही केंद्रे पहिला महिना हाताच्या शिरेवर किंवा दंडातून घातलेल्या नळीवर काढतात आणि रोग आटोक्यात आल्यावर पोर्टकडे वळतात. पेशी घसरलेल्या असताना बसवलेल्या पोर्टला लवकर संसर्ग होतो असे अनेक विभागांचे निरीक्षण आहे, म्हणून थोडे थांबणे परवडत असेल तिथे थांबतात.

जंतूंचा हिशेब

पोर्ट काढावा लागण्याच्या कारणांत संसर्ग सगळीकडे वरच्या क्रमांकावर असतो. तो मोजायचे एकक आहे 'नळीचे हजार दिवस'. मुलांमधल्या बहुतेक अहवालांत पोर्टमुळे रक्तात जंतू जाण्याचा दर हजार दिवसांमागे एकाच्या आसपास किंवा त्याहून कमी आढळतो; बाहेर लोंबणाऱ्या नळ्यांचा त्याहून जास्त. आकडा दिसायला किरकोळ आहे, पण तो मुलाच्या आयुष्यात उतरवून पाहावा लागतो. अडीच वर्षे म्हणजे सुमारे ९०० दिवस. दर हजारामागे एक असेल, तर उपचाराच्या पूर्ण काळात सरासरी प्रत्येक मुलामागे जवळपास एक संसर्ग पडतो. तो पावपट असेल तर चार-साडेचार मुलांत एक. म्हणजे विभागाची शिस्त जरा इकडे-तिकडे झाली, की दशांश चिन्हापुढच्या फरकातून प्रत्यक्षात कितीतरी तापाच्या रात्री वाढतात.

हा दर उपकरणापेक्षा सवयींवर जास्त अवलंबून असतो, याचा मोठा दाखला अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातून आला. प्रोनोव्होस्ट आणि सहकाऱ्यांनी शंभरावर अतिदक्षता विभागांत पाचच गोष्टींचा आग्रह धरला : हात धुणे, नळी घालताना पूर्ण निर्जंतुक आच्छादन, क्लोरहेक्झिडिनने कातडी पुसणे, जांघेतली शीर टाळणे आणि गरज संपलेली नळी काढणे. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत हजार दिवसांमागचा मध्यक दर २.७ वरून तीन महिन्यांत शून्यावर आला होता. उपकरणे तीच, माणसेही तीच होती. बदलली फक्त रीत. तो अभ्यास पोर्टचा नव्हता, लहान मुलांचाही नव्हता, पण त्याचा धडा पोर्टला तंतोतंत लागू पडतो.

आपल्याकडे यात एक गाठ जास्तीची आहे. पाश्चात्त्य देशांत पोर्टच्या संसर्गात कातडीवरचे, तुलनेने सौम्य जंतू पुष्कळ असतात. प्रतिजैविके देऊन पोर्ट वाचवता येतो. भारतातल्या बालकर्करोग विभागांत ग्राम-निगेटिव्ह जंतूंचा वाटा मोठा आहे आणि त्यातले बरेच नेहमीच्या औषधांना दाद देत नाहीत. अशा जंतूचा ताप काही तासांत मुलाला अत्यवस्थ करू शकतो. बुरशी, स्टॅफिलोकॉकस ऑरियस किंवा वारंवार उलटणारा संसर्ग असेल, तर पोर्ट काढण्यावाचून इलाज उरत नाही.

गुठळी, तुंबारा, तुटकी नळी

शिरेत परकी वस्तू राहिली की रक्त तिच्याभोवती गोठू पाहते. रक्ताच्या कर्करोगातले अ‍ॅस्पॅराजिनेज हे औषध गोठण्याचा समतोल बिघडवून त्यात भर घालते. मुद्दाम तपासण्या करून शोधले तर रक्ताचा कर्करोग असलेल्या मुलांत नळीभोवती गुठळ्या बऱ्याच प्रमाणात सापडतात. कॅनडातल्या एका जुन्या अभ्यासात ६० पैकी २२ मुलांत त्या आढळल्या, पण बहुतेकांना काही त्रास जाणवत नव्हता. अशा गुठळ्या आधीच टाळाव्यात म्हणून रक्त पातळ करणारे अ‍ॅपिक्साबॅन देऊन पाहिलेली 'प्रीव्हॅपिक्स' चाचणी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. ५१२ मुलांत औषध घेणाऱ्यांपैकी १२ टक्क्यांना, न घेणाऱ्यांपैकी १८ टक्क्यांना गुठळी झाली. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर पक्का ठरला नाही, त्यामुळे पोर्ट असलेल्या सगळ्याच मुलांना रक्त पातळ करण्याचे औषध द्यावे असे आज म्हणता येत नाही. आणि त्या चाचणीत एक वर्षाखालचे बाळ एकही नव्हते.

नळी तुंबणे ही त्याहून रोजची कटकट. औषध जाते पण रक्त मागे येत नाही, अशी तक्रार परिचारिकांच्या तोंडी नेहमी असते. रक्त मागे आल्याशिवाय मांस जाळणारे औषध सोडायचे नाही, हा नियम इथे मोडला जातो आणि मग घात होतो. नळी तुंबू नये म्हणून प्रत्येक वापरानंतर सलाईनने, पुष्कळ ठिकाणी हेपरिन घालून, ती धुतात. वापर नसेल तेव्हा साधारण चार आठवड्यांनी एकदा धुण्याची प्रथा आहे; काही केंद्रांनी हे अंतर वाढवूनही फारसा तोटा झालेला नाही. धुताना सिरिंज १० मिलीची किंवा त्याहून मोठी हवी. लहान सिरिंज जास्त दाब निर्माण करते आणि आतली नळी फुटू शकते.

नळी तुटण्याची जागा ठरलेली असते. गळपट्टीचे हाड आणि पहिली बरगडी यांच्यामध्ये नळी गेली, तर हात हलवताना ती दर वेळी चेपली जाते, झिजते आणि एक दिवस तिचा तुकडा हृदयात वाहून जातो. हे विरळा घडते. मानेतल्या शिरेचा मार्ग निवडल्याने ते बरेचसे टळते.

तान्ह्यांचे वेगळे काय?

मोठ्या माणसांत कोणती नळी बरी, यावर ब्रिटनच्या 'कावा' चाचणीचे २०२१ मधले निष्कर्ष ठोस आहेत. पोर्ट आणि हिकमन यांच्या तुलनेत गुंतागुंत २९ विरुद्ध ४३ टक्के, म्हणजे पोर्टच्या बाजूने कौल. पण तिथे सगळे रुग्ण १८ वर्षांवरचे होते. एक-दोन वर्षांच्या मुलांबाबतचे ज्ञान मुख्यतः एकेका रुग्णालयाने आपल्या जुन्या नोंदी चाळून काढलेले आहे. त्यांचा एकत्रित सूर असा : दहा किलोखालच्या बाळातही पोर्ट बसवता येतो आणि बहुतेक वेळा उपचार संपेपर्यंत टिकतो, जागा सरकणे, कातडी विरणे असे यांत्रिक त्रास मात्र तान्ह्यांत अधिक. संसर्गाबाबत काही नोंदी लहान वयाला जोखीम मानतात, काहींना फरक दिसत नाही.

यामागची कारणे शरीरातच आहेत. पहिले कारण वाढ. जन्मताना ५० सेंटिमीटरचे मूल वर्षात ७५ चे होते. सहाव्या महिन्यात बसवलेली नळी मुलाबरोबर वाढत नाही, पण छाती वाढते. त्यामुळे नळीचे टोक हळूहळू वर सरकल्यासारखे होते आणि मोठ्या शिरेच्या वरच्या, अरुंद भागात येते. तिथे गुठळी होण्याची आणि नळी तुंबण्याची शक्यता वाढते. म्हणून तान्ह्यात टोक जरा खोल ठेवण्याकडे कल असतो. पण फार खोल गेले तर ठोके चुकतात आणि क्वचित हृदयाच्या भिंतीलाच इजा होते. दुसरे कारण कातडी. मोठ्यांत डबीवर चरबीचा थर असतो. कुपोषित किंवा केमोने रोडावलेल्या बाळात कातडी ताणून पातळ होते आणि डबी उघडी पडण्याचा धोका असतो. म्हणून लहान मुलांसाठी बुटक्या, छोट्या डब्या मिळतात आणि टाके डबीच्या थेट वर येणार नाहीत असे घेतात.

तिसरे कारण रक्ताचे प्रमाण. बाळाच्या अंगात किलोमागे सुमारे ८० मिली रक्त असते. आठ किलोच्या बाळात जेमतेम ६४० मिली. नमुना घेण्यापूर्वी नळीतले काही मिली रक्त फेकून देण्याची मोठ्यांची पद्धत इथे रोज वापरली तर बाळ पंडुरोगी होते. धुण्याच्या पाण्याचे आणि हेपरिनचे प्रमाणही वजनावर ठरवावे लागते.

चौथे कारण घरचे. तान्ह्याला आपल्याकडे तेल लावून चोळतात, कडेवर घेतात, झोळीत निजवतात, गळ्यात काळा दोरा बांधतात. सुई नसताना पोर्ट असलेले मूल आंघोळ करू शकते, रांगू-खेळू शकते, हा पोर्टचा मोठा फायदा. पण डबीवर मालिश नको, नळी गेलेल्या मानेवर दोऱ्याचा काच नको, डबीच्या बाजूने छाती दाबून कडेवर घेणे नको, आणि टाक्यांवर हळद किंवा अंगारा नको. एवढे आजीला नीट समजावून सांगितले तर निम्मे काम होते. बहुतेक ठिकाणी समजुतीच्या चार गोष्टी बापाला सांगितल्या जातात, आणि बाळ दिवसभर असते आजीपाशी.

पर्यायांचा तोल

पोर्टखेरीज तीन वाटा आहेत. हाताची शीर फुकट, पण मांस जाळणाऱ्या औषधांसाठी जोखमीची. दंडातून घातलेली लांब नळी, म्हणजे पीआयसीसी, पुष्कळदा शस्त्रक्रियागृहाशिवाय घालता येते, स्वस्त पडते आणि भारतातल्या अनेक बालकर्करोग विभागांत ती मधला मार्ग म्हणून वापरतात. पण तिचे टोक बाहेर असते. दर आठवड्याला ड्रेसिंग, नियमित धुणे, आंघोळीला अडसर, आणि दीड वर्षाच्या मुलाचे ओढरे हात. हिकमन-ब्रोव्हियाकचेही तेच. अस्थिमज्जा प्रत्यारोपणात, जिथे मूल महिनाभर रुग्णालयातच असते आणि एकाच वेळी अनेक गोष्टी शिरेतून द्याव्या लागतात, तिथे त्या शोभतात.

टँकरच्या पाण्यावर चालणाऱ्या घरात, धुळीच्या अंगणात, आठवड्याला ड्रेसिंगसाठी तालुक्याला जाणे ज्यांना जमत नाही अशांसाठी बाहेरच्या नळीपेक्षा पोर्ट बरा. दोन फेऱ्यांच्या मधल्या काळात त्याला काहीही करावे लागत नाही. म्हणजे गाव दूर आहे म्हणून पोर्ट नको, हा निष्कर्ष चुकीचा. उलट मधल्या शांत दिवसांत पोर्ट हाच दूरच्या गावाला सोयीचा. अडचण येते ती शांतता मोडल्यावर, म्हणजे ताप आल्यावर, डबीभोवती सूज आल्यावर, मान किंवा हात फुगल्यावर. तेव्हा जवळ जाणकार कोणी नसतो.

धाराशिवपासून मोजले तर

कर्करोगाच्या अभ्यासात धाराशिव हे अनोळखी नाव नाही. शेजारच्या बार्शीत १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली, आणि तिच्या कक्षेत बार्शीबरोबर या जिल्ह्यातले परंडा आणि भूम हे तालुकेही होते. पुढे १९९९-२००० मध्ये याच जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची मोठी तपासणी चाचणी सुरू झाली. ५२ गावसमूह, ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांवर स्त्रिया. टाटा मेमोरियल, बार्शीचे नर्गिस दत्त रुग्णालय आणि लियॉंची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून केलेल्या या कामाचे निष्कर्ष २००९ मध्ये आले : एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने त्या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. ज्या स्त्रियांची तपासणी झाली नाही त्या गटावरून नैतिकतेचा वादही झाला. पण वाड्यावस्त्यांवर नोंदी ठेवणे, घरोघरी पाठपुरावा करणे, गावच्या बाईपर्यंत पोहोचणे या जिल्ह्यात जमते, हे त्यातून दिसले.

मुलांच्या कर्करोगाचा आकार त्या मानाने लहान आहे. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १६ लाख ५७ हजार होती. पंधरा वर्षांखालची मुले साडेचार लाख धरली आणि दर दहा लाख मुलांमागे वर्षाला शंभरच्या आसपास कर्करोग, हा जगभरचा ढोबळ दर लावला, तर वर्षाला चाळीस-पन्नास मुले होतात. ग्रामीण नोंदणीत आकडे याहून कमी दिसतात, कारण बरीच मुले निदानापर्यंत पोहोचत नाहीत. त्यातली पाच वर्षांखालची आणि पोर्ट लागणारी मुले वेगळी काढली तर हाताच्या बोटांवर मोजण्यासारखी उरतील. म्हणून धाराशिवात पोर्ट बसवण्याचे केंद्र काढा, ही मागणी शहाणपणाची नाही. वर्षाला चार-पाच पोर्ट बसवणारा हात सरावाचा राहत नाही, आणि पोर्ट बसवण्यात सराव हीच सुरक्षितता आहे.

बसवायला जावे बार्शीला, सोलापूरला, संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात, पुण्याला किंवा परळच्या टाटा मेमोरियलला. लातूरहून मुंबईला जाणारी रात्रीची गाडी धाराशिव आणि बार्शीवरूनच जाते आणि जिल्ह्यातली कितीतरी कुटुंबे तिच्यानेच परळ गाठतात. राहायला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आहे. कर्करोगाच्या मुलांसाठी २००६ पासून काम करणारी सेंट ज्यूड्सची केंद्रे आहेत. राज्याच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेची मर्यादा आता कुटुंबामागे ५ लाखांची आहे. योजनेच्या मंजुरीत पोर्ट आणि ह्युबर सुया बसतात का, हे दाखल होतानाच आरोग्यमित्राकडून लेखी समजून घ्यावे. नाही तर शस्त्रक्रिया होते आणि सुयांचा खर्च महिनोन्‌महिने खिशातून जातो.

अवघड भाग परतीनंतरचा. भूम, वाशी, कळंब या डोंगरपट्ट्यातली अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. त्यांच्या मुलाचा पोर्ट दर महिन्याला धुवायचा तो कुठल्या कारखान्याच्या फडाजवळ? लोहाऱ्याच्या एखाद्या वाडीतल्या मुलाला रात्री अकराला ताप भरला तर? नियम सांगतो : पोर्ट असलेल्या, पेशी कमी झालेल्या मुलाला ३८ अंशांवर टिकून राहिलेला किंवा एकदाच ३८.३ च्या वर गेलेला ताप ही तातडी आहे, आणि रुग्णालयात पोहोचल्यापासून तासाच्या आत प्रतिजैविकाचा पहिला डोस जायला हवा. पोर्ट धुतल्यावर तासाभरात हुडहुडी भरली तर संशय थेट नळीवर घ्यावा. प्रत्यक्षात काय होते? गावातला डॉक्टर पोर्ट पाहून हात लावायला घाबरतो, गोळी देऊन मुंबईला जायला सांगतो, आणि चारशे किलोमीटरच्या प्रवासात तो तास केव्हाच सरतो.

इथे एक साधी गोष्ट लोकांपर्यंत पोहोचलेली नाही. पहिला डोस देण्यासाठी पोर्टला हात लावण्याची गरज नाही. हाताच्या शिरेत साधी सलाईनची सुई घालून तो देता येतो, आणि ते तालुक्याच्या कोणत्याही ग्रामीण रुग्णालयात जमते. शक्य असल्यास आधी रक्ताचा नमुना घ्यावा, पण त्यासाठी डोस अडवू नये. डोस दिल्यावर १०८ ची गाडी मागवून मुलाला पुढे पाठवता येते. पोर्टच्या भीतीने उपचारच थांबणे हा पोर्टचा सगळ्यात टाळता येण्यासारखा धोका आहे.

जिल्ह्याला झेपेल एवढे

यातून जिल्ह्यासाठी निघणारी कामे लहान आणि स्वस्त आहेत. पहिले, पोर्ट बसवणाऱ्या रुग्णालयाने घरी पाठवताना मराठीत एक पानाचे पत्र द्यावे : पोर्ट कोणत्या बाजूला, केव्हा बसवला, नळीची जाडी, शेवटचा केव्हा धुतला, ताप आल्यास कोणते औषध किती, आणि चोवीस तास चालणारा फोन. ते पत्र मुलाच्या फाइलमध्ये आणि बापाच्या मोबाइलमध्ये असावे. गावच्या आशाताईलाही त्याची प्रत मिळावी.

दुसरे, धाराशिवच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, जिथे २०२२ मध्ये पहिली तुकडी दाखल झाली, दोन-तीन परिचारिकांना पोर्ट हाताळण्याचे शिक्षण द्यावे आणि ह्युबर सुयांचा छोटा साठा ठेवावा. नवजात अतिदक्षता कक्षातल्या परिचारिका यासाठी सर्वांत योग्य. बारीक नळ्या आणि काटेकोर स्वच्छता त्यांच्या रोजच्या कामातली आहे. महिन्यातला एक ठरलेला वार पोर्ट धुण्यासाठी ठेवला, तर अनेक कुटुंबांची मुंबईची एक-एक फेरी वाचेल. शिकवायला माणसे आहेत : २०१२ पासून टाटा मेमोरियलच्या पुढाकाराने उभे राहिलेले राष्ट्रीय कर्करोग जाळे केंद्रांना एकमेकांशी जोडण्यासाठीच आहे, आणि बार्शी तर शेजारीच आहे.

तिसरे काम पोर्ट काढण्याचे. उपचार संपले, मूल बरे झाले, शाळेत जाऊ लागले, की तो आनंद एवढा मोठा असतो की छातीतली डबी विसरली जाते. महिन्याचे धुणे चुकते, नळी शिरेच्या भिंतीला चिकटते, आणि तीन-चार वर्षांनी काढायला गेले की ती तुटायची भीती असते. शेवटच्या केमोच्या दिवशीच पोर्ट काढण्याची तारीख कागदावर यायला हवी, आणि नोंदीवर नाव असलेले मूल आले नाही तर फोन जायला हवा.

चौथे, या सगळ्याची नोंद. जिल्ह्यातल्या पोर्ट असलेल्या प्रत्येक मुलाची एक ओळ लिहिली : केव्हा बसला, किती वेळा ताप आला, पहिला डोस किती वेळात मिळाला, केव्हा आणि का काढला. मग पाच वर्षांत दूरच्या ग्रामीण मुलांमधल्या पोर्टबद्दल असा पुरावा जमेल, जो मोठ्या शहरांच्या अहवालांत नाही. ही मुले थोडी आहेत म्हणून ते काम एका रजिस्टरमध्ये मावते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये लक्ष्य ठेवले की २०३० पर्यंत जगातल्या कर्करोगग्रस्त मुलांपैकी किमान ६० टक्के वाचावीत. ज्या देशांत सोयी पूर्ण आहेत तिथे ८० टक्क्यांहून अधिक मुले वाचतात. औषधे आता बऱ्याच अंशी तीच आहेत. फरक पडतो निदानाच्या उशिराने, अर्ध्यावर सुटलेल्या उपचारांनी आणि मधल्या संसर्गांनी. यातल्या शेवटच्या दोहोंवर पोर्टचा थेट परिणाम होतो, दोन्ही दिशांनी. जाणकार हातांत तो मुलाला उपचारात टिकवतो, आणि त्याला विचारणारे कोणी नसेल तर संसर्गाला वाट देतो. म्हणून धाराशिवच्या आईबापांनी पोर्टला होकार देण्यापूर्वी शल्यचिकित्सकाला शस्त्रक्रियेच्या जोखमीबरोबर आणखी एक प्रश्न विचारावा : आमच्या तालुक्यात रात्री ताप आला तर आम्ही कोणाकडे जायचे? ज्या रुग्णालयाकडे या प्रश्नाचे नाव-गावासकट उत्तर आहे, त्याने बसवलेला पोर्ट तान्ह्यालाही सुरक्षित म्हणता येईल.